कोसळलेला गडगा पुन्हा कोरडाच रचावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी बरोबर समजलोय की नाही ते तुम्हाला कळेल. देवगड तालुक्यात तुमचं आजोबांच्या वेळचं घर. घराचं अंगण वर, वाडी म्हणजे बाग खाली, आणि मध्ये चाळीस फूट लांब, पाच फूट उंच गडगा, म्हणजे सिमेंट-चुन्याशिवाय दगडावर दगड रचून घातलेली कोरडी भिंत. सत्तर वर्षं तो हलला नाही. २०१९ मध्ये तुम्ही अंगणात पत्र्याची शेड घातलीत, कोबा केलात आणि 'जरा मजबूत व्हावा' म्हणून गडग्याला बाहेरून दर्जा भरून घेतल्यात, म्हणजे दगडांमधल्या फटी सिमेंटने लिंपून घेतल्यात. त्यानंतर चार वर्षांत तो दोनदा कोसळला. ठेकेदार म्हणतो, सगळं काढा, चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे कापीव ठोकळे, लावून सिमेंटमध्ये भिंत घालू. तुम्हाला गडगा कोरडाच हवा आहे, पण धीर होत नाही. शिवाय त्याच रेषेत एक फणस आलाय, तो तोडावा का? आणि तुमची मुलगी कलामहाविद्यालयात शिकते, तिला उरलेल्या दगडांतून अंगणात माणसाएवढा शंकू रचायचा आहे, बिनसिमेंटचा. तो उभा राहील का?

तुम्ही 'सिमेंट की कोरडं' असं विचारलंत. पण दुखणं कुठे आहे ते मधल्या एका वाक्यात तुम्ही जाता जाता सांगूनच टाकलंय: शेड, कोबा, दर्जा. तुमचा गडगा म्हातारा होऊन पडलेला नाही. त्याच्या पाठीशी पूर्वी येत होतं त्याच्या कितीतरी पट पाणी तुम्ही आणून सोडलंत आणि ते बाहेर पडायच्या वाटा बुजवल्यात. वाईट वाटून घेऊ नका. तीस वर्षं गडगे घालायचं काम करतोय, पडलेला गडगा बघायला बोलावतात तिथे बहुतेक वेळा मला असंच काहीतरी सापडतं.

हिशोब करून बघा. शेड वीस बाय पंधराची, एकाच उताराची, उतार गडग्याकडे. आपल्याकडे श्रावणाआधी एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नसते. तेवढ्या पावसात त्या एका पत्र्यावरून जवळजवळ पावणेतीन हजार लिटर पाणी खाली येतं. पूर्वी अंगण सारवलेलं होतं, कडेला माती होती, पाणी पसरत, जिरत, रेंगाळत जायचं. आता पागोळ्या एकाच रेषेत पडतात, कोबा पाणी जिरू देत नाही, आणि कोब्याची कड जिथे संपते तिथे, म्हणजे नेमकं गडग्याच्या पाठीवर, सगळं आत उतरतं.

कोरड्या गडग्याला हे पाणीसुद्धा बऱ्यापैकी झेपलं असतं, कारण त्याच्या अंगाला हजार भोकं असतात. मागे आलेलं पाणी झिरपून पुढे निघून जातं, साठत नाही, म्हणून पाण्याचा रेटा असा तयारच होत नाही. तोंडावरचे सांधे सिमेंटने बुजवले की तीच भिंत धरणाची भिंत होते, आणि धरणाला लागते ती जाडी तिच्यात नसते. दीड मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी पूर्ण तुंबलं तर लांबीच्या दर मीटरवर अकराशे किलोहून जास्त आडवा रेटा येतो. ओल्या मातीचा रेटा त्यावर आणखी. जांभ्याच्या तशा गडग्याचं दर मीटरला स्वतःचं वजन दीड-पावणेदोन टन, आणि दगड एकमेकांना फक्त त्या वजनाच्या जोरावर धरून असतात. दर्ज आत जाते जेमतेम दीड-दोन इंच. तिने गडग्याची ताकद काडीने वाढत नाही, फक्त तो गुदमरतो. ज्याने ती भरली त्याची नियत वाईट नव्हती, घराच्या भिंतीला जे करतात तेच त्याने गडग्याला केलं.

म्हणून पहिलं काम दगडाचं नाहीच. शेडला पन्हळ लावा आणि पाणी पाइपाने गडग्याच्या टोकापलीकडे सोडा. कोब्याची गडग्याकडची तीन फूट पट्टी फोडून टाका. एवढं केलं नाहीत तर मी रचलेला गडगाही पडेल आणि ठेकेदाराची भिंतही पडेल.

ठेकेदाराला मी मोडीत काढत नाही. चिऱ्याची सिमेंटमधली भिंत कमी जाडीत होते, जागा वाचते, आणि तिला गवंडी कुठेही मिळतो. गडगा घालणारा माणूस शोधावा लागतो, तो मिळाला तरी शेतीची कामं आटपल्याशिवाय येत नाही. पण ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात दोन गोष्टी आहेत का बघा: भिंतीतून पाणी निघायला दर चार-पाच फुटांवर पाइप, आणि भिंतीमागे खडीची भर. नसतील तर ती भिंत तुमच्या सध्याच्या गडग्याचीच नवी आवृत्ती. फरक एवढाच, की कोरडा गडगा पडायच्या आधी दोन-तीन पावसाळे पोट काढून दाखवतो. सिमेंटची भिंत शेवटच्या दिवसापर्यंत सरळ उभी असते.

कोरडं काम कुठे करू नये तेही सांगून ठेवतो. माती धरणारा गडगा सहा फुटांच्या वर जात असेल, वरून गाड्या जात असतील, किंवा गडग्याच्या उंचीइतक्या अंतरात घराचा पाया येत असेल, तर मी हात लावत नाही, इंजिनियरला दाखवा म्हणतो. तुमच्या शेडचे खांब गडग्यापासून किती लांब आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाच फुटांच्या आत असतील तर खणायच्या आधी कुणा जाणत्याला दाखवा. त्यापेक्षा लांब असतील तर पुढे वाचा.

गडगा पोटातून पडतो. हे मला कळलं तेव्हा माझा एक आख्खा गडगा पडलेला होता. नवा नवा हात बसला होता, एका बागेच्या हद्दीला साठ फूट रचला. तोंड असं की बोट फिरवलं तरी अडकू नये. लोक बघायला यायचे. दुसऱ्या पावसाळ्यात मधोमध पोट सुटलं आणि गणपतीच्या आदल्या दिवशी वीस फूट खाली बसला. ज्या आबांच्या हाताखाली शिकलो ते आले, पडलेल्या ठिकाणी आत हात घातला आणि मूठभर लाल चिखल काढून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "झिला, ह्यो गडगो न्हय. मातयेक दगडाचो झगो घातलंस तू." मी दोन्ही तोंडं सुंदर रचली होती आणि मधली पोकळी मातीने भरली होती, कारण माती फुकट होती आणि बारीक दगड वेचायचा कंटाळा. माती पाणी पिते, फुगते, मग सुकून आकसते, नाहीतर वाहून जाते. पोट रिकामं झालं की दोन्ही तोंडांचे दगड आत-बाहेर झुकायला मोकळे.

पोटात दगडच भरायचे. फेकून भरायचे नाहीत, बसवायचे. प्रत्येक थराबरोबर तेवढंच पोट, त्याच वेळी. तोंडाचे दोन थर पुढे काढले आणि नंतर घमेल्याने कपच्या ओतल्या की काम बिघडलंच. मुठीएवढ्या दगडापासून नारळाएवढ्या दगडापर्यंत, प्रत्येक फटीला साजेसा शोधून हाताने दाबून बसवायचा. गडगा घालायच्या कामातला निम्मा वेळ यात जातो, आणि पूर्ण झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही. मजुरी देताना मालकाला नेमकं हेच खटकतं.

दगड लावतानाचं दुसरं सूत्र आबांचंच: दगडाला तोंड असतं आणि शेपूट असतं. लांबी आत जायला हवी. नवा माणूस दगडाची लांब बाजू बाहेर दाखवतो, कारण मग रांग भराभर पुढे सरकते आणि दिसतेही छान. पण असा दगड भिंतीला नुसता चिकटवल्यासारखा असतो. दीड फूट लांबीचा दगड असेल तर बाहेर सात-आठ इंचांचं तोंड दिसावं आणि बाकीचा आत जावा. मग त्याच्या शेपटीवर वरच्या थराचं वजन येतं आणि तो हलत नाही. सांधेमोड तर तुम्हाला माहीत असेलच: दोन दगडांवर एक, एकावर दोन. उभा सांधा वरच्या थरात तसाच पुढे गेला की तिथून गडगा कागदासारखा फाटतो.

दगड डगमगला तर चीप, म्हणजे दगडाची पातळ कपची, लावायची, पण ती बाहेरून ठोकायची नाही. बाहेरून ठोकलेली चीप गडगा बसला की सुटते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तुम्हाला खाली वाडीत पडलेली मिळते. चीप आतून, शेपटीखाली सारायची, म्हणजे वरचं वजन तिला घट्ट करत जातं. दगड बसला की नाही हे बघायची माझी पद्धत साधी आहे. त्याच्या कडेवर टाच ठेवून सगळं वजन टाकतो. जरा जरी 'टक' असा आवाज आला तर उचलायचा आणि पुन्हा बसवायचा. दिवसात पन्नास वेळा हे करावं लागतं, संध्याकाळी मांड्या भरून येतात.

तुमच्या मापांत सांगतो. पाच फूट उंचीला तळात तीन फूट जाडी, माथ्यावर दीड फूट. वाडीकडचं तोंड सरळ ओळंब्यात घ्यायचं नाही, मातीकडे झुकतं घ्यायचं, दर पाच-सहा इंच उंचीला एक इंच. त्यासाठी दोन टोकांना बांबूच्या चौकटी उभ्या करून दोरी ताणतात. नुसत्या डोळ्यावर विसंबू नका, चाळीस फुटांत डोळा चुकतो. चौकटीप्रमाणे हिशोब केला तर गडगा साडेचारशे घनफूट, म्हणजे साडेचार ब्रास. दगड बहुतेक सगळा तुमच्याकडे पडलेला आहे. मागे फूटभर रुंदीची दगडाची भर लागेल ती मात्र वेगळी, दोन ब्रास. त्यात गडग्याला लागून जाड डबर आणि मातीच्या बाजूला बारीक, म्हणजे माती धुपून फटींत शिरत नाही.

पडलेला भाग पूर्ण काढा, आणि दोन्ही बाजूंनी जिथे पोट आलंय तिथपर्यंत पुढेही काढा. अर्धवट फुगलेल्या भागाला नवं काम जोडू नका. काढताना दगडांचे वेगवेगळे ढीग घाला: पायाचे मोठे, तोंडाचे, लांबोडके, माथ्याचे सपाट, आणि पोटातले. सिमेंट चिकटलेले दगड सुतकीने, म्हणजे गवंड्याच्या हातोड्याने, साफ करा. त्यात वेळ जाईल, पण ते सिमेंट सांध्यात राहिलं तर दगड नीट बसत नाही. हातमोजे आणि बूट घाला, आणि गडग्यात हात घालण्याआधी पहारीने दगड हलवा. देवगडात राहून फुरशाबद्दल, त्या छोट्या विषारी सापाबद्दल, तुम्हाला मी सांगायला नको. विंचू, खेकडे, सापसुरळ्या सगळ्यांचं ते घर असतं. मी एका गड्याला हात घालू दिला नाही म्हणून तो रुसला होता, आणि पुढच्याच दगडाखाली फुरसं वेटोळं घालून बसलेलं.

पाया घट्ट मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्या. तुमच्याकडे फूट-दीड फुटावर कातळ लागेल. तो वाडीकडे उतरता असेल तर छिन्नीने पायरी पाडून घ्या, नाहीतर सगळा गडगा एका घसरगुंडीवर उभा राहतो. सगळ्यात मोठे दगड इथे. ते मातीकडे किंचित कललेले बसवायचे.

आता आरपार दगड. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या फोटोत पडलेल्या ढिगात मला एकही लांब दगड दिसला नाही. गडग्याच्या बाहेरच्या तोंडापासून मागच्या भरीपर्यंत जाणारे दगड ठरावीक अंतरावर नसतील तर गडगा म्हणजे पाठीला पाठ लावून उभे केलेले दोन वेगळे पडदे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. तिथल्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडमातीच्या होत्या. आत आणि बाहेर अशा दोन थरांत रचलेल्या, मध्ये बारीक दगड आणि माती, आणि दोन्हींना बांधणारे दगड बहुतेक ठिकाणी नाहीत. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, वजन खाली आलं. पुढे जी घरं वाचली होती त्यांच्या मजबुतीच्या कामात भिंतींना आरपार भोकं पाडून काँक्रीटचे बांध घातले, ते या दगडांच्या जागी. तुमच्या गडग्यावर छप्पर नाही, पण रोग तोच आहे.

चाळीस फुटांना आरपार दगडांच्या दोन रांगा घ्या, एक दोन फूट उंचीवर, दुसरी साडेतीन फूट उंचीवर, आणि प्रत्येक रांगेत दर तीन फुटांना एक दगड, म्हणजे पंचवीस-तीस. जांभ्याचे घेऊ नका. जांभा दाबाला चांगला, पण लांब तुकडा वाकवला की मोडतो. यासाठी काळ्या दगडाच्या खाणीतून अडीच फूट लांबीचे दगड निवडून आणा. आठ बाय सहा इंच जाडीचा असा एक दगड सत्तर किलोच्या घरात भरतो, दोन माणसांनी उचलायचा. मिळालेच नाहीत तर दोन आखूड दगड शेजारी शेजारी, मध्यावर एकमेकांना ओलांडून जातील असे ठेवा. आरपार दगडाची सर त्याला नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं.

नवा जांभा आणावा लागला तर खाणीतून ताजा निघालेला लगेच लावू नका. ताजा चिरा कुऱ्हाडीने तासता येतो इतका मऊ असतो, उघड्यावर राहिला की कडक होतो. १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात फ्रान्सिस बुकाननने याला लॅटेराइट हे नाव दिलं ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण मलबारात लोक तो विटेसारखा कापून वापरताना त्याला दिसले. एक उन्हाळा अंगावर घेतलेला चिरा मला आवडतो.

आणि सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून, दगड आणायचा विचार तुम्ही लिहिलाय, त्याबद्दल. मालकाची परवानगी वगैरे आहेच, पण त्याआधी खाली बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत, कशेळीचा हत्ती तर अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांची चित्रंच चित्रं. २०२२ मध्ये यातल्या काही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. गवत आणि माती साचलेली असली की पायाखालची रेघ दिसत नाही. सुटे दगड उचलायला हरकत नाही, पण पहारीने कातळ उकलू नका आणि त्यावरून ट्रॅक्टर नेऊ नका. मी स्वतः सुरुवातीच्या काळात हे न बघता दगड उचललेले आहेत. त्याखाली काही होतं की नाही ते आता कधीच कळणार नाही.

फणस तोडू नका. गडगा त्याला वळसा घालून न्या. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॉर्म किंग आर्ट सेंटरमध्ये अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश शिल्पकाराने १९९७-९८ मध्ये ब्रिटनमधले गडगा घालणारे कारागीर नेऊन २,२७८ फुटांची कोरडी भिंत रचून घेतली. ती झाडांमधून सापासारखी वळत जाते, तळ्यात उतरते आणि पलीकडून वर येते. ते शिल्प म्हणून बघायला लोक जातात. पण झाडाला वळसा घालण्यात नुसती शोभा नाही. तुमचा फणस वाडीच्या बाजूला असेल तर गडगा मातीकडे आत वळेल, आणि असा बाक आडव्या कमानीसारखं काम करतो: माती जितकी रेटेल तितके दगड एकमेकांत घट्ट होतात. फणस अंगणाच्या बाजूला असेल तर गडगा वाडीकडे बाहेर फुगेल. तिथे उलटं होतं, दगड सुटायला बघतात, म्हणून तेवढ्या भागाला तळात फूटभर जाडी वाढवा आणि आरपार दगड दुप्पट करा. खोडापासून दोन-अडीच फूट जागा मोकळी ठेवा. तुमच्या नातवंडांच्या वेळी फणस जाड होणारच आहे. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं मात्र गडग्यात दिसली की बोटाएवढी असतानाच उपटा.

माथ्यावर जड सपाट दगड, एकेक तीस किलोच्या खाली नको. माकडं गडग्यावरून पळतात आणि हलके दगड खाली टाकतात, मग पाऊस वरून आत शिरतो. काही जण माथ्यावर सिमेंटचा पट्टा घालतात. मी घालत नाही. खालचा गडगा पहिल्या दोन वर्षांत इंच-अर्धा इंच बसतो, पट्टा बसत नाही, आणि मध्ये फट पडते.

आता मुलीचा शंकू. फोटो पाहून वाटलं की तिच्या डोक्यात भाताची उडवी, म्हणजे कापलेल्या भाताच्या पेंढ्यांची रास, आहे: खाली निमुळती, मध्ये फुगलेली, वर टोकाला मिटणारी. ही उडवीची आकृती जगात पुष्कळ शिल्पकारांनी दगडात केली आहे आणि ती कोरडी उभी राहते. पण पहिल्याच कामाला ती अवघड आहे. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक रांग आधीच्या रांगेच्या पुढे डोकावते, म्हणजे प्रत्येक दगड बाहेर पडायच्या बेतात असतो आणि शेपटीवरच्या वजनाने थांबलेला असतो. दगडाचं निम्म्याहून बरंच जास्त वजन आत, टेकलेल्या भागावर राहिलं पाहिजे, आणि शेपटीवर पोटातला दगड लगेच बसला पाहिजे. एका रांगेत आळस केला तर चार रांगांनंतर ती एकदम सुटते, आणि कुठली चुकली ते कळायला मार्ग राहत नाही.

तिला सांगा, पहिला शंकू नुसता वर निमुळता होत जाणारा करावा, छातीएवढा. जमिनीत फूटभर खणून डबर ठोकून बसवायचं, मध्यभागी सळई उभी करायची, तिला सैल दोरीची गाठ मारायची, आणि प्रत्येक रांगेला दोरी बोटभर आखूड करत गोल मारायचा. सळई शेवटी काढून घ्यायची. जांभ्याचे गोळे याला चालणार नाहीत, पसरट दगड लागतात; काळ्या दगडाच्या खाणीत चपटे तुकडे निवडून मिळतील. काळ्या दगडाचं वजन घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास, म्हणून एकटीने करू नये, आणि पायांत कडक टोकाचे बूट घालावेत. समुद्रावर एकावर एक गोटे तोलून फोटो काढतात ती वेगळी गंमत आहे. तिथे तोल साधायचा असतो, इथे तोल जायची सोयच ठेवायची नाही. हा पहिला शंकू एक पावसाळा टिकला की मग उडवी. शंकू वाटेच्या कडेला नको, आणि लहान मुलं चढतील अशा ठिकाणी अजिबात नको.

तिने आणखी एक विचारलंय, की एक लांब दगड नुसता उभा करायचा तर किती गाडावा. लांबीचा एक तृतीयांश जमिनीत, आणि भोवती सिमेंट न ओतता दगडाच्या कपच्या पहारीने ठोकून बसवायच्या, म्हणजे कलला तर पुन्हा सरळ करता येतो. गावातला एखादा पडलेला वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, त्यासाठी आणायची कल्पना कुणी दिली तर ती सरळ नाकारा. तो जिथे आहे तिथेच राहू द्या.

हेमाडपंती देवळांचं उदाहरण तुम्ही दिलंत, की सिन्नरचं गोंदेश्वर चुन्याशिवाय शेकडो वर्षं उभं आहे. खरं आहे, पण तो घडीव दगड, एकमेकांत बसतील असे सांधे काढून ठेवलेला. ते पाथरवटाचं काम. गडगा हे ओबडधोबड दगडाचं काम, त्याला दगड घडवण्यापेक्षा निवडता येणं जास्त लागतं. एका कसबावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे मागची माती सुकून उभी राहते. ओल्या दरडीखाली कुणालाही उभं करू नका, पाच फुटांची दरडसुद्धा माणूस पुरते. मी आणि दोन गडी असं काम दिवसाला सहा-सात फूट करतो, म्हणजे दगड काढणं आणि निवडणं धरून तुमचे दहा-बारा दिवस. कुणी तीन दिवसांत देतो म्हणाला तर पोटात काय भरणार ते आधी विचारा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी न सांगता जाऊन बघा.

मग पुढच्या मिरगानंतर पहिला मोठा पाऊस लागेल तेव्हा छत्री घेऊन वाडीत उतरा आणि गडग्यासमोर पाचेक मिनिटं उभे राहा. तळाच्या दोन थरांतून पाणी झिरपत असेल तर उत्तम. पहिले काही दिवस ते लाल येईल, नव्या भरीची धूळ असते. आठवड्यानंतरही लालच येत असेल तर मागची माती सुटते आहे. तेवढ्या भागात वरून फूटभर माती काढून बारीक डबर भरा. आणि गडगा कोरडाच राहिला, पाणी भलतीकडूनच वाहताना दिसलं, तर आधी पन्हळीच्या पाइपात पानं अडकली आहेत का ते बघा.